दिवे घाटात दिवे लावले

वडकी मागे पडली, दिवे घाटाचा चढ लागला आणि उजेड संपला. नोव्हेंबरातली संध्याकाळ, बघता बघता मिटते. मागे सीताफळांचे रिकामे क्रेट एकमेकांवर खडखडत होते. शेजारी अण्णा खिडकीच्या काठावर कोपर टेकून बसले होते. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, कारण ही गाडी घेऊन हा घाट चढायची माझी ही चौथी की पाचवी खेप. खटका ओढून हेडलाइट लावले आणि पुढचं वळण दुसऱ्या गिअरमध्ये काढलं. मग नजर डॅशबोर्डकडे गेली. आठ दिवसांपूर्वी मी स्वतःच्या हातानं बसवलेल्या डिजिटल मीटरवर मघाशी ८८ होतं, ते ९१ झालं. मग ९४. मग ९७. निळे आकडे अगदी शांतपणे, घाट चढावा तसे चढत होते. १०० ला बझर कोकलला आणि १०१ वर आकडा थांबला.

गाडी कडेला घेतली. खाली अंधारात मस्तानी तलावाचं पाणी असावं, दिसत नव्हतं. अण्णा म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "तापली. एकशे एक." ते काही न बोलता उतरले, बॉनेट उचललं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हाताचा तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग जुन्या फडक्यानं हात पुसत म्हणाले, "न्हाई तापली." मी मोबाइलच्या उजेडात मीटरकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. "तुझं मीटर घाबरलंय. गाडी न्हाई. चल."

मी चाललो नाही. किल्ली फिरवून सगळं बंद केलं आणि अर्धा तास तिथेच बसून राहिलो. बाजूनं सासवडच्या एसट्या, दुधाचे टेम्पो, भरलेले हायवा कण्हत वर जात होते. अर्ध्या तासानं पुन्हा किल्ली दिली तेव्हा ७९ दिसलं, दिवे लावून गाडी हलवली तर ९२. म्हटलं, आतून गरम आहेच. रुंद वळण बघून गाडी वळवली आणि घाट उतरून हडपसरला माझ्या घरी परत आणली. रस्ताभर अण्णा बोलले नाहीत. माउलींच्या रथालाही या घाटात जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, पण रथ काही अर्ध्यातून माघारी येत नाही. अण्णांची गाडीही तीस वर्षांत आली नव्हती. दारात उतरताना एवढंच म्हणाले, "उद्या यष्टीनं जाईन मी."

प्रसंग एवढाच. त्यानंतर दोन दिवस घास नीट उतरला नाही.

गाडी म्हणजे चारशे सात. १९९४ ची. आमच्याकडे तिला कधी ट्रक म्हटलं नाही आणि टेम्पोही नाही, नुसती 'गाडी'. दुसरी कुठली नव्हतीच, त्यामुळे घोटाळा होत नसे. १९८६ मध्ये टेल्कोनं, म्हणजे टाटांच्या मोटार कंपनीनं, ही चारशे सात काढली तेव्हा जपानी हातमिळवणीच्या हलक्या गाड्यांची मोठी लाट आली होती. त्या बहुतेक वाहून गेल्या, ही मात्र रस्त्यावर राहिली. पिंपरीत बनलेली म्हणून अण्णांना तिचं माहेर जवळचं वाटे. 'आपल्याच गावची पोरगी' असं ते म्हणत, आणि पुरंदरच्या माणसानं पिंपरीला आपलं गाव म्हणावं यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नसे. या गाडीनं अंजीर वाहिलं, सीताफळ वाहिलं, वाटाणा वाहिला, दोन लग्नांची वऱ्हाडं वाहिली आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात इतक्या पहाटा काढल्या की अजूनही तिच्या फळ्यांना पावसाळ्यात कुजक्या सीताफळाचा गोडसर आंबूस वास येतो. वासाचं पुढे येईलच.

तिचा जुना डॅशबोर्ड मी पहिल्यांदा उघडला तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा सदरा काढावा तसं अवघडल्यासारखं झालं. मागे वायरींचा गुंता. मूळ रंग कुठले ते कळायची सोय नाही, तीस वर्षांत ज्या वायरमनच्या हाती जी वायर आली ती त्यानं जोडलेली. लाल वायर मधेच पिवळी होते, पिवळी पुढे जाऊन काळी. एका ठिकाणी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडली. पुढच्या बाजूला चार गोल काचा. डिझेलचा काटा, पाण्याचा काटा, ऑईल प्रेशरचा काटा आणि मोठा स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्सकडून येते आणि थंडीत पहिले दोन किलोमीटर चिमणीसारखी चिवचिवते. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक फिरतो, त्याच्या ओढीनं अॅल्युमिनियमची वाटी वळते आणि वाटीला काटा. मधे ना वायर, ना बॅटरी. तो मी हलवलाच नाही. किलोमीटरचे आकडे कधी थांबले ते कुणालाच आठवत नाही, आणि त्यांच्यावर कुणाचा विश्वासही नव्हता.

डिझेलचा आणि पाण्याचा काटा मात्र काढून टेबलावर ठेवला आणि खोलून बघितला. ही दुसऱ्याच स्वभावाची जात. आत दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली एक पट्टी, तिच्याभोवती केसाएवढ्या तारेचे वेढे. तारेतून वीज गेली की पट्टी तापते. दोन धातू सारखे फुगत नाहीत म्हणून ती वाकते आणि काट्याला ढकलते. म्हणजे मुळात तो काटा काही मोजत नाही, तो स्वतःच हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. किल्ली दिल्यावर जागचा उठायला त्याला बरेच सेकंद लागतात. टाकीतलं डिझेल खड्ड्याखड्ड्याला हिंदकळत असतं, आतला तरंगता फ्लोट वेड्यासारखा वर-खाली होत असतो, पण ही पट्टी तेवढ्या घाईनं तापत-निवत नाही, म्हणून काटा आपला निवांत. लहानपणी मला वाटायचं की टाकीत डिझेल देवळातल्या समईतल्या तेलासारखं स्तब्ध असतं. ते स्तब्ध नव्हतं, काटा सोशिक होता.

मी पोटासाठी मोजमापाच्याच धंद्यात आहे. भोसरीत, उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. त्यामुळे घरच्या गाडीत आकडे नसावेत हे मला कमीपणाचं वाटत असे, अशी एक फुशारकीही यात होती, ती लपवत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी नाना पेठेत गेलो. ज्यांना तिथली स्पेअर पार्टची दुकानं माहीत आहेत त्यांना सांगायला नको: काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या हातातल्या जुन्या पार्टकडे बघतो. पाण्याच्या तापमानाचं, ऑईल प्रेशरचं, डिझेलचं आणि व्होल्टेजचं असं चारही एका चौकोनात दाखवणारं मीटर घेतलं. त्यातच आरपीएमसुद्धा. वायर, स्लीव्ह आणि फ्यूज बुधवारात तपकीर गल्लीतून. सेंडरचे, म्हणजे इंजिनात बसून मीटरला तापमान कळवणाऱ्या तुकड्याचे, आटे इंजिनाच्या भोकाशी जुळेनात, म्हणून भोसरीतल्या लेथवर पितळेचा बुश करून घेतला. बुशच्या आट्यांना नळाला गुंडाळतात तसा टेफ्लॉन टेप मी हौसेनं गुंडाळला आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. असल्या सेंडरला एकच वायर येते, दुसरी वाट त्याच्या स्वतःच्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात जाते. टेपनं मी ती वाटच बंद केली होती. मीटरवर नुसत्या आडव्या रेघा. टेप खरवडून काढल्यावर आकडा आला, २९. इंजिन गार होतं, पुण्यात ऊन होतं, हिशेब बरोबर.

आरपीएमची गंमत वेगळी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत ठिणग्या मोजून फेरे कळतात, इथे मोजायचं काय? तर अल्टरनेटरच्या आतून निघणारी, एकदिश व्हायच्या आधीची कच्ची वीज. तिची स्पंदनं इंजिनाच्या वेगाबरोबर वाढतात-कमी होतात. त्यासाठी डब्ल्यू नावाचं टोक असतं, आमच्या अल्टरनेटरला ते नव्हतं, आतून वायर काढून डाग द्यावा लागला. आता एका फेऱ्याला किती स्पंदनं हे ध्रुवांच्या जोड्यांवर आणि दोन पुलींच्या प्रमाणावर ठरतं. ते आकडेमोडीनं काढण्यापेक्षा मी कंपनीतून लेझरचा टॅकोमीटर आणला, पुढच्या पुलीला चमकणारी पट्टी चिकटवली आणि सरळ मोजलं. गाडी जागेवर धडधडत होती, आयडलिंगला ६८०. अण्णा बाजूला उभे. त्यांना विचारलं, आयडलिंग कुणी सेट केलं? म्हणाले, "मीच की." कसं? तर पद्धत अशी: डॅशबोर्डवर रुपयाचं नाणं उभं करायचं. फार कमी असेल तर इंजिन हिसके देतं आणि नाणं पडतं, फार जास्त असेल तर नाणं थरथरत सरकत जातं. मधे एक जागा असते जिथे नाणं नुसतं गुणगुणतं. तिथे स्क्रू सोडून द्यायचा. मी पुस्तकात बघितलं. पुस्तकातला आकडा आणि नाण्याचा आकडा यांत ओरडून सांगावं एवढं अंतर नव्हतं.

टाकीचं माप लावायचा दिवस त्या सगळ्यात सुखाचा होता. हे मीटर कुठल्याही फ्लोटला शिकवता येतं. टाकी रिकामी करून 'हे शून्य' असं सांगायचं, भरून 'हे पूर्ण' असं सांगायचं, मधल्या पायऱ्याही देता येतात. साठ लिटरची टाकी. आम्ही अंगणात ती पार निथळून घेतली आणि दहा-दहा लिटरच्या कॅननं भरत गेलो. प्रत्येक कॅनला मी मल्टीमीटर लावून फ्लोटचे ओहम, म्हणजे त्याचा विजेला होणारा विरोध, लिहून घेई. आई ओट्यावर वाल सोलत बसली होती, तिला या सगळ्याची शुद्ध करमणूक. अण्णांनी मागच्या फळीतून एक बांबूची पट्टी काढली. तिच्यावर पटाशीनं पाडलेल्या सहा खाचा, बोटांच्या घामानं काळ्या पडलेल्या. ते दर कॅनला पट्टी टाकीत बुडवायचे, बाहेर काढून उजेडात धरायचे आणि मान हलवायचे. सहाच्या सहा खाचा जुळल्या. टाकी मधे फुगीर आणि खाली निमुळती, म्हणून खाचांमधली अंतरं सारखी नव्हती. माझ्या वहीतल्या ओहमच्या उड्याही तशाच असमान होत्या. मी वही त्यांना दाखवली. त्यांनी ती चष्मा न लावताच बघितल्यासारखं केलं.

असं मोजमापाशिवायचं शहाणपण सांगायला लागलं की लिहिणारा हळवा होतो. जुनं ते सोनं, पूर्वीची माणसं, वगैरे. मला ते मान्य नाही, कारण या शहाणपणाची किंमत मी घरात बघितली आहे. १९९७ च्या मे महिन्यात अण्णा सातारकडून आलं भरून यार्डात येत होते. खंबाटकीच्या चढाला खालचा होज फाटला आणि पाणी सगळं रस्त्यावर गेलं. काटा काय करेल? वर चढेल असं कुणालाही वाटेल. तो खाली आला. कारण तापमानाचा सेंडर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच त्याला पाण्याची उष्णता कळते, पाणीच गेलं की तो कोरड्या हवेत लटकतो आणि गार वाटतंय म्हणून सांगतो. अण्णांना वाटलं, वा, वारा लागलाय, गाडी निवाली. तसेच चढत राहिले. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, पिस्टन धरले. आलं दुसऱ्या गाडीत टाकून यार्डात पोचेपर्यंत भाव पडला होता. इंजिन उभं करायला पैसे नव्हते, म्हणून गाडी गोठ्याशेजारी ताडपत्री टाकून उभी राहिली, आणि पुढचा अख्खा गळीत हंगाम अण्णांनी दुसऱ्याच्या ट्रकवर ऊस ओढला. मी तेव्हा सहावीत. रात्री कधीतरी ते घरी यायचे, तेव्हा अंगाला उसाच्या पाचटाचा, घामाचा आणि मळीचा वास. त्या वर्षानंतर अण्णांचं काट्यांशी बोलणंच खुंटलं. ते म्हणत, "काटा मेला की मढ्यासारखा गार पडतो. आन आपण म्हणायचं बरं हाय."

मग त्यांनी नाक कामाला लावलं. खरंच सांगतो, हा माणूस गाडी वासावर चालवायचा. क्लच घासतोय की ब्रेकचा लायनर तापलाय, हे दोन जळके वास वेगळे असतात हे मला त्यांनी शाळेत असतानाच शिकवलं होतं, आणि मला आजही ते वेगळे कळत नाहीत. कूलंटचा गोडसर वास आला की रेडिएटर ठिबकतोय. वायरीचं कवच तापलं की नाकाच्या शेंड्याला टोचतं. ते बॉनेट उघडायचे तेव्हा हात मागे बांधून आधी नाक पुढे करायचे. देवळात वाकावं तसे, थोडे डावीकडे, मग उजवीकडे. मग हात लावायचे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, ते आठ दिवस तापले. दवाखान्यात जावं लागलं नाही, गावातल्या गावात निभावलं, आम्ही नशीबवान. पण ताप गेला आणि वास परत आला नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईला कळलं. दूध उतू जाऊन करपत होतं, घरभर धूर, आणि अण्णा चुलीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. तिनं मला फोनवर हळूच सांगितलं आणि वर बजावलं, त्यांच्यापाशी काढू नकोस. मी काढलं नाही. पुढची तीन-चार वर्षं ते गाडी गावाबाहेर नेईनासे झाले, चुलतभाऊ न्यायला लागला. अण्णा म्हणायचे, आता डोळे. डोळ्याचं मोतीबिंदू काढल्यावर म्हणायला लागले, आता गुडघे. मग या दिवाळीत मी म्हटलं, "अण्णा, आपल्या गाडीला डिजिटल मीटर बसवूया का? आजकाल सगळेच बसवतात." ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, "बसव."

तर त्या दोन दिवसांत मला टोचत होतं ते हे. त्या रात्री घाटात त्यांनी नाक पुढे केलं नव्हतं. सरळ हात ठेवला होता, आणि फार वेळ ठेवला होता. होज ऐंशी-पंच्याऐंशीवर असला तर तळवा टिकतच नाही, चटका बसतो, पण ते ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून बघत होते. म्हणजे उरलेल्या एका इंद्रियानं पुन्हा पुन्हा खात्री करून घेत होते. आणि ती खात्री त्यांनी मला दिली तेव्हा मी तिच्यापुढे निळा आकडा धरला. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ लाच उकळतं, रेडिएटरच्या बंद झाकणाखाली दाब असतो म्हणून ते शंभरच्या पुढेही तग धरतं, हे मला पाठ होतं. १०१ म्हणजे काही जगबुडी नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. तरी मी थांबलो. आकडा होता म्हणून थांबलो. काटा असता तर 'जरा वर दिसतोय' म्हणून पुढे गेलो असतो.

तिसऱ्या दिवशी गाडी सोलापूर रस्त्यावरच्या वायरमनकडे नेली. पत्र्याची शेड, पुढे गुलमोहर, गुलमोहराला टांगलेले जुने डायनामो. वायरमन काका साठीचे, दातात बीडी. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी मीटर बघितलं, माझी व्यवस्थित बांधलेली, लेबलं लावलेली वायरिंग बघितली, "भारी केलंय" म्हणाले आणि विचारलं, "अर्थ कुठं दिलाय?"

"बॉडीला."

"बॉडीला दिलाय, पण बॉडीनं कुणाला दिलाय?"

मी गप्प. ते म्हणाले, "साहेब, कॅबिन रबरावर बसलीय. चासीला ती शिवत बी नाय."

खरंच की. कॅबिन चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरी गादीनं टेकलेली असते, नाहीतर आतल्या माणसाचे दात खिळखिळे होतील. कॅबिनमधली सगळी वीज परत बॅटरीकडे जायला एक तांब्याची जाळीदार पट्टी कॅबिनपासून चासीपर्यंत दिलेली असते. मी वाकून बघितलं. तीस पावसाळे खाल्लेली ती पट्टी हिरवी आणि काळी पडली होती, बोल्टाखाली गंजाचा पापुद्रा. मल्टीमीटरचं एक टोक मीटरच्या काळ्या वायरला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं. दिवे बंद: ०.०३ व्होल्ट. काकांनी हेडलाइट लावले: ०.४१.

एवढंच होतं. दिवे लावले की दहा-बारा अँपिअर त्या गंजक्या पट्टीतून घुसायचे आणि अख्ख्या कॅबिनचं 'शून्य' पाव-अर्धा व्होल्ट वर उचललं जायचं. सेंडरचं शून्य मात्र इंजिनाच्या लोखंडात, जागच्या जागी. मीटरला वाटायचं सेंडरचा विरोध कमी झालाय. तापमानाच्या सेंडरचा विरोध उष्णतेनं कमी होतो, म्हणून ते म्हणायचं, तापली! आणि आमच्या टाकीतल्या फ्लोटचा विरोध डिझेल कमी झालं की कमी होतो, म्हणून त्याच वेळी डिझेलही उतरलेलं दिसायचं. ते मला त्या रात्री दिसलं होतं. साठ टक्क्यांचं पंचेचाळीस झालं होतं. पाच मिनिटांत नऊ लिटर डिझेल जाळणारी चारशे सात पृथ्वीवर नाही, पण तापलेल्या आकड्यापुढे मी तिकडं लक्षच दिलं नाही. आणि आकडा झटकन न चढता पायरीपायरीनं का चढला? कारण आकडे फार नाचतात म्हणून मीच मीटरला दहा सेकंदांची सरासरी लावून ठेवली होती. जुन्या काट्याचा सोशिकपणा यावा म्हणून. त्या उसन्या सोशिकपणानं खोट्याला खऱ्याची चाल दिली.

काका बीडी विझवत हसले. "दिवे घाटात दिवे लावले म्हणायचं की तुम्ही."

पट्टी बदलली. बोल्टाच्या जागा पॉलिशपेपरनं चकचकीत घासल्या, थिंबल कसले, वरून व्हॅसलिन फासलं. मीटरची काळी वायर कॅबिनमधून सोडवून थेट इंजिनाच्या ब्लॉकवर नेली, सेंडरच्या शेजारी. आता दिवे लावा, वायपर लावा, हॉर्न वाजवा, आकडा जागचा हलत नाही. मात्र सगळं लावल्यावर व्होल्टेज १३.१ च्या वर जाईना. काकांनी अल्टरनेटरच्या पट्ट्यावर अंगठा दाबला, तो बराच आत गेला. पट्टा ओढला, १४.१. "हे मात्र तुमच्या मीटरनं पकडलं," असं त्यांनी उदार मनानं कबूल केलं. ढिल्या पट्ट्याला वास येत नाही, निदान सुरुवातीला येत नाही. तो एका पावसाळी पहाटे बॅटरी उतरवून सांगतो.

अण्णांना फोन करून सांगितलं. अर्थ, रबर, पट्टी, सगळं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हणजे तापली नव्हती." म्हटलं, "नव्हती." "बरं," म्हणाले आणि आईकडे फोन दिला. आई म्हणाली, काय सांगितलंस रे, हसतायत एकटेच.

पंधरा दिवसांनी पुन्हा तीच वेळ. यार्डात माल उतरवून, हडपसरला जेवून, अण्णा शेजारी, मागे क्रेटचा खडखडाट. वडकीला मी दिवे लावले आणि नकळत आकड्याकडे बघितलं. ८६. हलला नाही. पहिलं वळण, दुसरं वळण. समोरून येणाऱ्या गाड्यांचे झोत काचेवरच्या धुळीत फुटत होते आणि खाली मीटरचा निळा उजेड. अण्णांनी दोनदा डोळे चोळले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो निळा टोचतो, हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि मीटरवर टाकला. मी काही बोललो नाही. अंधारात नुसतं इंजिन ऐकू येऊ लागलं. मागच्या खेपेला थांबलो होतो ते वळण आलं, गेलं. तिथे मी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणलं तेव्हा त्यांनी जरा कान दिल्यासारखं केलं. नाकपुड्या दोनदा हलल्यासारख्या वाटल्या, पण समोरच्या झोतात नीट दिसलं नाही.

घाटमाथ्यावरच्या विठोबाचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "किती हाय?"

मी एका हातानं टॉवेलचं टोक वर केलं. "अठ्ठ्याऐंशी."

"हं," म्हणाले, आणि टॉवेल नीट करून पुन्हा खाली ओढला.